तुळशीराम काकाजींची साक्ष

तुळशीराम काकाजींना सकाळी सकाळी "चहा झाला का?" असं चुकूनही विचारू नये. आपण सहज विचारावं आणि काकाजींनी ओट्यावर ताठ बसून, घसा साफ करून सुरू करावं :

"वेळ सकायची. उजेड चांगला होता. मी पूर्वेकडं तोंड करून बसलो होतो. बायको आतून आली. तिच्या उजव्या हातात कप होता. कपात चहा होता. तो मी पेलो. त्या टायमाले दुसरं कोनी हजर नव्हतं. हे मी कोनाच्या दबावाखाली सांगून नाई राहिलो."

तेवढ्यात आतून काकींचा आवाज यायचा, "बशी होती संगं, ते नाई सांगतलं!"

आपण हसावं, तर काकाजींचा चेहरा खरोखर पांढरा पडलेला असायचा. "बशी? बशी होती काय?" ते दोन्ही हात मांडीवर दाबून धरायचे. "मंग ते मले कशी नाई आठवली?" आणि पुढचा अर्धा तास त्या बशीच्या शोधात जायचा.

मी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा आई आणि मी पातूरकडच्या आमच्या गावाहून इथे राहायला आलो. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागे ओळीनं खोल्या होत्या, त्यातली एक आम्हाला मिळाली. शेजारची काकाजींची. मधली भिंत इतकी पातळ, की पहाटे इकडे आईची बुद्धवंदना आणि तिकडे काकाजींची साक्ष एकाच वेळी चालायची. आईनं "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणावं आणि पलीकडून उत्तर यावं, "त्या इसमाच्या हातात लोखंडी आकडा होता." आईला सुरुवातीला फार राग यायचा. पुढे पुढे काकाजी एखादं वाक्य विसरून थांबले, की आईच वंदना थांबवून भिंतीवर थाप मारायची, "काकाजी, आकडा!"

काकाजींचं पानाचं दुकान जिनिंगच्या कोपऱ्यावर होतं. अकोटहून एसटीच्या टपावरून पानांच्या करंड्या यायच्या. ते ओल्या फडक्यावर एकेक पान पुसून रचून ठेवायचे. स्वतः कधी पान खाल्लं नाही. "इकनाऱ्यानंच चघळत बसावं तं गिऱ्हाइकानं कोनाच्या तोंडाकडं पाहावं?" असं विचारायचे. वय साठीच्या पुढेमागे, अंगकाठी बारीक, टोपी पांढरी. मूलबाळ नाही. एकेकाळी फार गप्पिष्ट, नकलाकार माणूस होता म्हणे. हे मी काकींकडून ऐकलं. मी पाहिले ते काकाजी साक्षीदार झाल्यानंतरचे.

झालं होतं ते असं. कपाशीच्या हंगामात जिनिंगपुढे गाड्यांची रांग लागते. एका भरदुपारी त्या रांगेत गाडी पुढे घेण्यावरून भांडण पेटलं. एका माणसानं गठाणी ओढायचा लोखंडी आकडा उचलला आणि गजू नावाच्या एका हमाल पोराच्या डोक्यात घातला. गर्दी पांगली. ज्यानं मारलं तो पळाला. काकाजी दुकानावरून उतरले आणि त्या पोराचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसले. दवाखान्याची गाडी येईपर्यंत पोरगं गेलं.

पोलिसांनी विचारलं तेव्हा रस्त्यावरच्या सगळ्यांचं तोंड नेमकं दुसरीकडे निघालं. कुणी बैलाला पाणी पाजत होतं, कुणाच्या डोळ्यात कचरा गेला होता. पाहिलं म्हणाले ते एकटे काकाजी. त्यांनी जबानी दिली, अंगठा न देता सही केली आणि घरी येऊन काकींना म्हणाले, "आता आपन सरकारी मानूस झालो."

तो मारणारा माणूस काही वर्षं सापडलाच नाही. काकाजी त्याचं नाव कधी घेत नसत. जबानीत त्याला जे म्हटलं होतं तेच ते म्हणत : "तो इसम." इसम फरार होता तोवर काकाजी बरे होते. मग एक दिवस तो बऱ्हाणपूरकडे पकडला गेला, खटला उभा राहिला आणि तारखा पडायला लागल्या. आणि त्याच सुमारास इसमाचा भाऊ काकाजींच्या दुकानावर पान खायला यायला लागला.

भाऊ मोठा गोड माणूस. धमकी दिली असती तर पोलिसात सांगता आलं असतं. तो फक्त यायचा, पान तोंडात घालायचा, आणि म्हणायचा, "काकाजी, तब्येत जपा. उमर झाली आता. या उमरीत मानसाले पक्कं आठवत नाई."

बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "काकाजी, रस्ता पाहून चालत जा. गाड्याघोडे लय वाढले." दुकानापुढे त्याची सावली पडली की काकाजींच्या हातातला चुन्याचा चमचा डबीच्या काठावर टकटक वाजायचा. तो गेल्यावर बराच वेळ वाजत राहायचा.

तेव्हापासून सगळं सुरू झालं. साक्ष विसरेल या धास्तीनं ते ती रोज म्हणायला लागले, आणि रोज म्हणताना तिच्यातलं काहीतरी निसटायला लागलं. सोमवारी इसमाचा शर्ट निळा असायचा, गुरुवारी खाकी.

"खाकी हवालदाराचा होता!" काकी ओरडायच्या.

"मंग हवालदाराच्या हातात आकडा कोनं देल्ला?"

"अवो, हवालदार मंगून आला!"

"मंगून आला तं मले पयले काऊन दिसते?"

हे ऐकून आम्ही आईलेकी तोंडाला पदर लावून हसत असू. पण काकाजी हसत नसत. ते ओट्यावर बसून, डोळे मिटून, ती दुपार पुन्हा पहिल्यापासून मांडायचे, आणि कपाळावरून घाम गळायचा.

हळूहळू ते साक्षीबाहेरचंही विसरायला लागले. एका गिऱ्हाइकाच्या पानाला दोनदा चुना लावला. तो बिचारा जीभ बाहेर काढून नळावर धावला. करंड्या आणायला अकोटला गेले आणि करंड्या तिथेच ठेवून सुपाऱ्या घेऊन आले. काकींना एकदा माझ्या आईच्या नावानं हाक मारली. काकी तेव्हा हसल्या, पण नंतर आमच्याकडे येऊन चुलीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, मले भेव वाटून राहिलं. हा मानूस माह्या डोयापुढं पुसून चालला."

मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. मग विचारलं, "काकाजी, अंगावर बैल धावून आला तर काय होतं?"

"पयतो."

"पळायची ताकद कुठून येते? मूत्रपिंडावर दोन टोप्या असतात बघा, छोट्या. भीती वाटली की त्यातून रस सुटतो. छाती धडधडते, पाय हलके होतात, माणूस कुंपणावरून उडी मारतो. बैल निघून गेला की रस आटतो. चांगली सोय आहे. तुमची अडचण एवढीच की तुमचा बैल जातच नाही. रोज दुकानापुढे उभा राहतो. रस सुटतोय तो सुटतोच आहे. तरुण माणूस हे सोसतो. म्हातारपणी तो रस डोक्यातली आठवणींची जागा पोखरत असावा, असं मला वाटतं. हे पुस्तकात अजून कुणी नीट लिहिलेलं नाही. पण मी माणसं पाहतो ना."

"मंग औषध?"

"झोप येण्यापुरतं देतो. खरं औषध म्हणजे हा खटला संपणं."

घरी येताना काकाजी फार गंभीर होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला त्यांनी सांगून टाकलं, "माह्या किडनीवर टोप्या हायत." लोक त्यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी बघायचे आणि म्हणायचे, "काकाजी, सगळ्याच टोप्या सांभाळा." तेही हसायचे. हसता हसता मध्येच थांबून रस्त्याच्या टोकाकडे बघायचे.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मी येत होते, तर आमच्या गल्लीच्या अलीकडच्या गल्लीत काकाजी उभे. हातात रिकामी करंडी. पोरं बाजूनं पळत होती, सायकलवाले घंटी वाजवत होते, आणि हा माणूस रस्त्याच्या मधोमध खांबासारखा.

"काय काकाजी, इकडे कुठे?"

"काई नाई, बाई. हवा खाऊन राहिलो."

मी पुढे निघाले तशी त्यांनी माझ्या छत्रीचं टोक पकडलं. घट्ट. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "बाई, आपलं घर कोनत्या बाजूले हाय?"

मी चालायला लागले. छत्रीचं एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. घर दिसल्यावर ते थांबले. "हे पाहा, घर इसरलो मी. अन् त्या इसमाच्या भावाचा चेहरा, डोये मिटले तरी जात नाई. ज्याले धरून ठेवतो ते जाते, अन् जे जावं वाटते ते बसून राह्यते. असं काऊन बाई?"

मी म्हटलं, "काकाजी, सोडून द्या ना हे. सांगा कोर्टात, मला नीट दिसलं नाही. कोणी तुम्हाला फाशी देणार नाही."

"कसं दिसलं नाई?" ते एकदम चिडले. "डोये उघडे होते ना माहे!"

तारखेला कोर्टात मीच सोबत जायची. काकींचे गुडघे दुखायचे, आणि एकटं सोडायची आता सोय नव्हती. बहुतेक वेळा साक्ष व्हायचीच नाही. कधी वकील नाही, कधी दुसराच खटला लांबायचा. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली एक बाई दर तारखेला बसलेली असायची. काळीसावळी, कपाळ मोकळं, मांडीवर भाकरीचं फडकं. गजूची आई. नाव चंद्रभागा. पातूरच्या अलीकडच्या एका खेड्यातून सकाळच्या एसटीनं यायची आणि संध्याकाळी जायची.

काकाजी पुढच्या फाटकानं कधी शिरले नाहीत. मागून, सायकली लावतात तिथून, भिंतीला अंग घासत जायचे.

"काकाजी, त्या बाईंना तरी भिऊ नका," मी एकदा म्हटलं. "त्या तर आपल्या बाजूच्या."

"तिच्यापाशी गेलो तं तोंडातून ते निघून जाईन," ते म्हणाले.

मला वाटलं, साक्षीबद्दल कुणाशी बोलू नका असं सरकारी वकिलांनी सांगितलंय, त्याबद्दल बोलतायत.

शेवटी एकदा पुकारा झाला. काकाजी पिंजऱ्यात उभे राहिले. इसम समोर होता. जाडजूड, तेल लावून भांग पाडलेला, अगदी सभ्य. त्याचा भाऊ मागच्या बाकावर. चंद्रभागाबाई दाराशी भिंतीला टेकून. मी खिडकीजवळ.

शपथ झाली. कारकुनानं विचारलं, "नाव?"

"तुळशीराम."

"वडलांचं नाव?"

काकाजी थांबले. त्यांनी कठडा धरला. वडलांचं नाव ते शोधत होते, आणि ते कुठेच नव्हतं. मागच्या बाकावर इसमाचा भाऊ हलकेच खोकला. शेवटी सरकारी वकिलांनीच कागदावरून नाव सांगितलं, आणि काकाजी म्हणाले, "हाव. तेच असन."

त्यानंतर सगळं उतारावरच्या गाडीसारखं घसरत गेलं. सरकारी वकिलांनी कसंबसं त्यांच्याकडून इसमाच्या हातात आकडा होता एवढं वदवून घेतलं. मग समोरचे वकील उठले. ते रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. शर्टाचा रंग विचारला. काकाजी म्हणाले, निळा. मग म्हणाले, खाकी. ऊन कोणत्या बाजूनं होतं? पूर्वेकडून. दुपारी पूर्वेकडून? मग पश्चिमेकडून. आकडा उजव्या हातात की डाव्या? काकाजींनी आपलेच दोन्ही हात वर करून बघितले, जणू तो त्यांच्याच हातात होता.

"की तुम्ही त्या वेळी दुकानात नव्हताच?"

"होतो."

"कशावरून?"

काकाजींचा घाम हनुवटीवरून टपटपत होता. रोज पहाटे भिंतीपलीकडून ऐकलेली सगळी साक्ष मला पाठ होती, माझ्या आईलाही होती. आणि ज्याची होती त्याच्यापाशी एक शब्द उरला नव्हता. मी पदराची गाठ आवळत बसले होते. मला वाटलं, हा माणूस इथेच कोसळणार.

न्यायाधीशांनी वकिलांना हातानं थांबवलं. चष्मा काढला. "बाबा, पाणी प्या. शर्टाचं जाऊ द्या, दिशा जाऊ द्या. तुम्हाला जे आठवतं, तेवढंच सांगा."

काकाजी पाणी प्याले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. इतक्या तारखांत पहिल्यांदाच त्यांनी चंद्रभागाबाईंकडे पाहिलं.

"त्याचं डोस्कं माह्या मांडीवर होतं," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, ओट्यावर बसून बोलावं तसा. "पोट्टं म्हने, काकाजी, मायले सांगू नोका. ते भेते."

इसमाचे वकील ताडकन पुढे झाले. "हे पोलिसांपुढच्या जबानीत नाही!"

"नाई."

"मग तेव्हा का सांगितलं नाही?"

"पोट्ट्यानं सांगू नोका म्हटलं होतं ना, साहेब."

कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. दाराशी चंद्रभागाबाईंनी पदर तोंडात कोंबला होता. न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा लावला आणि कागद पुढे ओढला.

कायद्याच्या दृष्टीनं त्या वाक्याचा काही उपयोग नव्हता. मारलं कुणी, ते त्यात नव्हतंच. पुढे निकाल लागला. एकमेव साक्षीदार डळमळीत, म्हणून इसम सुटला.

पण त्या दिवशी साक्ष संपल्यावर काकाजी मागच्या वाटेनं निघाले नाहीत. सरळ कडुनिंबाखाली गेले आणि चंद्रभागाबाईंपुढे जमिनीवर बसले. मी थोडी लांब थांबले.

"पानी मागतलं होतं का त्यानं?" बाईंनी विचारलं.

"मागतलं. पाजलं मी. चूय भरली, मंग पेला. पूर्न नाई, अर्धा गिलास."

"लय कन्हत होता?"

"नाई. हात धरला होता माहा. जोरात नाई. लेकरू झोपताना धरते, तसा."

ते सांगत गेले. दुकानावरून उतरताना चप्पल कशी निसटली, पोराच्या केसांत सरकीचे कण कसे अडकले होते, सावली करायला टोपी कशी धरली. निळा शर्ट कुणाचा आणि खाकी कुणाचा, तेही आलं. एकही गोष्ट चुकली नाही. पूर्व की पश्चिम, हा घोळ नाही. मी ऐकत होते. सगळं तर होतं त्यांच्यापाशी! तासाभरापूर्वी, पंचवीस पावलांवर, ते कुठे गेलं होतं?

निकालानंतर इसमाचा भाऊ दुकानावर आला. मी तेव्हा आईसाठी पानं घ्यायला उभी होते. तो खुशीत होता. "काकाजी, बरं झालं तुमी इसरले. उमरच हाय."

मला वाटलं, आता चमचा वाजणार. काकाजींनी चुन्याची डबी बंद केली. "मी इसरलो नव्हतो," ते म्हणाले. "मी भेलो होतो. दोन्ही येगयं हाय."

भाऊ काहीतरी बोलायला गेला, माझ्याकडे पाहिलं, आणि पान न घेताच निघून गेला. पुन्हा आलेला मी तरी पाहिला नाही.

डॉक्टरांचं म्हणणं निम्मं खरं ठरलं. खटला संपल्यावर काकाजींना झोप लागायला लागली. घराची वाट परत आली. वडलांचं नाव एका सकाळी पानं पुसता पुसता आपोआप तोंडात आलं. ते धावत आमच्या दारात येऊन सांगून गेले. पण काही गोष्टी गेल्या त्या गेल्याच. त्यांच्या त्या प्रसिद्ध नकला परत आल्या नाहीत. काकींचं लग्नातलं लुगडं कोणत्या रंगाचं होतं, ते शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

पहाटे भिंतीपलीकडे आता शांतता असायची. आई वंदना संपवून थोडा वेळ कान देऊन बसायची. म्हणायची, "चुकल्यासारखं वाटते."

बाजाराच्या दिवशी चंद्रभागाबाई अकोल्याला यायच्या. दुकानापुढच्या फळीवर बसायच्या, काकी चहा आणायच्या. सुरुवातीला मला वाटायचं, ही बाई पुन्हा पुन्हा तीच दुपार ऐकायला येते. एकदा पानं घेता घेता मी थांबले, तर बोलत होत्या त्या, आणि काकाजी हातातलं फडकं तसंच ठेवून ऐकत होते.

"...मंग झाडावर चढून बसला. म्हने, शाळेत जात नाई. उतरेच ना. मी खाली, तो वर. भाकर दाखोली तवा उतरला."

काकाजी हसले. "अन् मंग? दुसऱ्या दिवशी गेला का शाळेत?"

"थांबा ना जरा. सांगते." बाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "तुमाले काय घाई हाय?"

"तसं नाई, बाई," काकाजी म्हणाले. "मले त्याचं फक्त शेवटचं माईत हाय. पयलेचं सगयं तुमच्यापाशी हाय. म्हनून इचारतो."

मग त्यांनी एक कोवळं पान निवडलं, पुसलं, त्यांच्या हातात दिलं, आणि पुढचं ऐकायला फळीच्या कडेला सरकून बसले.